आशीर्वाद मिळालेली पूड

बुरुलच्या पत्राला दोरोनबेकने उत्तर दिले नव्हते. पत्र ऑक्टोबरात आले होते, आता मार्च लागला होता, आणि ते अजून शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात पडून होते. नारीनच्या वाचनालयात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाकडे एखादा कागद लपवायला जागा भरपूर असतात. पण हा कागद त्याला रोज सापडत होता, कारण रोज तोच तो काढून वाचत होता.

थोरल्या बहिणीने तलासहून लिहिले होते, "दोरोन, तुझी मेहुणी अनारकुल हिने मला एक डबा पाठवलाय. बारीक होण्याची पूड. सकाळ-संध्याकाळ चमचाभर कोमट पाण्यात घ्यायची, खाण्यापिण्याचं पथ्य काही नाही म्हणते. माझं वजन तुला माहीत आहे, मला बघून घोडा मान फिरवतो. त्यात हा साखरेचा आजार. तूसुद्धा ती पूड घेतोस असं कळलं. तू शिकलेला आहेस. खरं काय ते एका ओळीत लिही."

खरे काय ते एका ओळीचेच होते. दोरोनबेकने ती पूड अकरा दिवस घेतली होती. त्या अकरा दिवसांत तिने एकच काम केले, त्याला दिवसातून सात-सात वेळा अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासापर्यंत पळवले. बाराव्या दिवसापासून बायकोची पाठ वळली की तो आपल्या वाटणीचा चमचा चुलीत रिकामा करू लागला. चुलीवर मात्र पुडीचा परिणाम झाला. ती धुमसू लागली.

त्याने लगेच कागद घेऊन लिहिले, "ताई, या पुडीने काही होत नाही." मग तो त्या वाक्याकडे बघत बसला. आपण कोण? डॉक्टर नाही, रसायनशास्त्रातले काही कळत नाही. अकरा दिवसांच्या अनुभवावर एवढे ठाम वाक्य लिहावे का? कुणाला तरी गुण येतही असेल. शिवाय बुरुल हे चार जणींना सांगणार, ते अनारकुलच्या कानावर जाणार, अनारकुल उमसुनला बोलणार, आणि उमसुन आपल्याला. त्याने "काही"च्या आधी "बहुधा" घातले. मग तो शब्द भित्रा वाटला म्हणून खोडला. पाकिटात घालून, कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो टपालघराकडे निघाला.

नारीन हे गाव नदीच्या काठाने पंधरा किलोमीटर लांबच लांब पसरले आहे आणि रुंदीला जवळजवळ नाहीच. गावात बारीक म्हणावे असे तेवढे गावच. दोरोनबेकच्या घरापासून टपालघर चांगले तासाभराच्या वाटेवर होते. ट्रॉलीबस होती, पण ट्रॉलीबसमध्ये ओळखीची माणसे होती. "कुठे निघालात?" "पत्र टाकायला." "कुणाला?" "बहिणीला." "काय लिहिलंय?" तिसरा थांबा येईपर्यंत त्याला पत्र मोठ्याने वाचून दाखवावे लागले असते. म्हणून तो नदीकाठच्या रस्त्याने चालत गेला. निळ्या पेटीसमोर उभा राहिला. पाकीट फटीपर्यंत नेले. "काही होत नाही" हे फार झाले असे त्याला पुन्हा वाटले, आणि तो पाकीट घेऊन चालत परत आला. पाकीट चुलीत गेले, पुडीच्या पाठोपाठ.

दुसऱ्या दिवशी त्याने नवे पत्र लिहिले आणि पुन्हा निघाला. तिसऱ्या दिवशीही तेच. पाच महिने तेच. घरी वाचनालयात जातो असे सांगितलेले होते. परत येईपर्यंत दुपारचे जेवण उरकलेले असे. मांस संपलेले, चरबी संपलेली, कढईच्या तळाशी रस्सा आणि भाकरीचा तुकडा. तो मुकाट्याने तेवढेच खाई, कारण अपराधी माणसाला दुसऱ्यांदा वाढून घेण्याचे धैर्य नसते.

इकडे उमसुन पूड अगदी श्रद्धेने घेत होती. पूड पोटात गेली की वर साय लावून कितीही बोरसोक खाल्ले तरी चालतात, असा अनारकुलचा नियम होता, आणि तळलेल्या पिठाच्या बाबतीत उमसुन नियम मोडणारी बाई नव्हती. जानेवारीत तिला तिचा हिवाळी कोट बसेना.

"अनार, अगं माझं वजन वाढतंय गं," ती बहिणीला म्हणाली.

"ताई, ते वजन नाही. आतली सूज बाहेर निघतेय."

"मग कधी निघून जाणार?"

"दुसरा डबा संपला की. आणि दाजींकडे बघ की जरा! पट्ट्याला तीन भोकं नवीन पाडलीत त्यांनी. एकाच घरातला डबा, एकच चमचा. तुझा विश्वास कमी पडतोय."

दोघी बहिणी दोरोनबेककडे बघू लागल्या. त्याने पुस्तक तोंडासमोर धरले. खरे सांगायचे तर चुलीचे सांगावे लागणार, चुलीचे सांगितले तर चालण्याचे, आणि चालण्याचे सांगितले तर पत्राचे. तो गप्प बसला. या गप्प बसण्याची त्याला पुढे इतकी चीड आली की ती चीड आपल्यावर काढावी की अनारकुलवर, हेच त्याला ठरवता येईना.

फेब्रुवारीत अनारकुलने घरी जेवण घातले. वीस बायका, एक अख्खी मेंढी, आणि प्रत्येकीच्या ताटापाशी पुडीचा एकेक डबा. दोरोनबेक वयाने सर्वांत मोठा, म्हणून मेंढीचे डोके त्याच्यापुढे आले, आणि जेवण संपल्यावर आशीर्वाद देण्याचे कामही त्याच्याकडेच आले. सगळ्यांनी हात पसरले. ज्याचे अन्न खाल्ले त्या घराला आशीर्वाद न देता उठणे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमले नव्हते. त्याने तळवे वर केले आणि हळू आवाजात म्हटले, "या घरात बरकत राहो. अनारकुलच्या हाताला यश येवो. इथे बसलेल्या सगळ्यांची तब्येत चांगली राहो."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तेवढ्यात काहीतरी लखकन चमकले. दोरोनबेकला वाटले, दिवा गेला.

तीन आठवड्यांनी पत्रके छापून आली. डावीकडे दोरोनबेक, पुतण्याच्या लग्नातला, एका हातात फऱ्याचे हाड, तोंड उघडे. खाली लिहिले होते, "आधी". उजवीकडे दोरोनबेक, गाल बसलेले, तळवे पसरलेले, डोळे भक्तीने मिटलेले. "नंतर". आणि खाली जाड अक्षरांत, "नारीनचे विद्वान वडीलधारे, अक्सकाल दोरोनबेक यांचा आमच्या पुडीला आशीर्वाद: अनारकुलच्या हाताला यश येवो! सगळ्यांची तब्येत चांगली राहो!"

"हे... हे मी पुडीला म्हटलेलं नाही," तो म्हणाला. रागाने त्याचा आवाज चिरकला, आणि चिरकला म्हणून तो आणखी खाली गेला.

"दाजी, आशीर्वाद दिलात की नाही?"

"दिला. पण घराला दिला."

"आणि घर कशावर चाललंय? पुडीवरच ना?"

यावर काय बोलावे ते दोरोनबेकला चार दिवसांनी, नदीकाठाने चालताना सुचले. तोवर पत्रके साऱ्या देशात गेली होती.

शेजारचा जुमाश ट्रकवाला पत्रक घेऊन दारात आला. "अक्सकाल, दिवसाला किती चमचे?"

"चमचे नाही रे. मी चालतो."

"चालता?"

"रोज. दोन-अडीच तास. आणि दुपारी थोडं कमी खातो. बाकी काही नाही."

जुमाश पोट धरून हसला. "मेंढपाळ तर दिवसभर चालतात, त्यांना कोण पत्रकावर छापतंय? सांगायचं नसेल तर नका सांगू. मोठी माणसं अशीच, आपलं गुपित सांगत नाहीत!" आणि तो थेट अनारकुलकडे जाऊन दोन डबे घेऊन आला.

आपण आयुष्यात पहिल्यांदा ठाम बोललो आणि त्याने डबे खपले, हे दोरोनबेक दारात उभा राहून बघत होता.

मग बारा मार्चला बुरुलचे दुसरे पत्र आले.

"दोरोन, आता उत्तराची तसदी घेऊ नकोस. तुझं उत्तर मिळालं. पत्रक भिंतीवर लावलंय. इथली डॉक्टरीण म्हणते, साखरेच्या गोळ्या सोडू नका, रोज चाला, चरबी आणि पीठ कमी करा. कालची पोर, तिला काय कळतंय! तू हात पसरून सांगितलंस, ते मला पुरे. लहानपणापासून तू कधी खोटं बोलला नाहीस. नूरुझच्या सणापासून गोळ्या बंद करतेय, नुसती पूड घेणार."

दोरोनबेकने पत्र दोनदा वाचले. सणाला नऊ दिवस होते. बुरुल तिकडे एकटी राहत होती, कानांनी तिला केव्हाच सोडले होते आणि दुसऱ्याच्या तोंडच्या निरोपावर तिचा विश्वास नव्हता. भावाच्या अक्षरात लिहिलेले तेवढे तिला खरे. तो पत्र हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आला. तिथे अनारकुल तिसरी वाटी चहा पीत होती आणि उमसुन तिच्यापुढे बोरसोक ओतत होती. त्याने पत्र मोठ्याने वाचले.

"बघा!" अनारकुल म्हणाली. "तलासमध्येसुद्धा नाव झालं तुमचं!"

"मरेल ती!" दोरोनबेक ओरडला.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात उमसुनने हा आवाज ऐकला नव्हता. दोरोनबेकनेही नव्हता. तो स्वतःच दचकला, पण आता थांबता येत नव्हते.

"साखरेच्या गोळ्या सोडल्या तर माणूस मरतो! तुझी पूड म्हणजे जुलाब आहे, अनारकुल, जुलाब! अकरा दिवस मी संडासात काढले. त्यानंतर एक चमचा घेतला असेन तर हे हात झडोत, जे तू छापलेस! चुलीत टाकत होतो. चुलीला विचार!"

"मग वाळलात कसे?" अनारकुलही उठली. "बोला की! आजार असेल काहीतरी. लपवताय!"

"चालून! रोज टपालघरापर्यंत जाऊन, परत येऊन!"

"रोज? टपालघरात?" हे उमसुन म्हणाली, आणि फार शांतपणे म्हणाली. "आणि वाचनालय?"

दोरोनबेकचा राग एकदम कोटाच्या खिशात गेला. त्याने सगळे सांगितले. पहिले पत्र, एक ओळ, "बहुधा", निळी पेटी, चूल. सांगत असताना त्याला कळत गेले की यात अनारकुलचा दोष निम्माच आहे. पेटीत एक पाकीट टाकले असते तर तो वाळला नसता. वाळला नसता तर फोटो निघाला नसता. आणि बुरुलला ऑक्टोबरातच कळले असते. पुडीची अख्खी जाहिरात त्याने पुडीविरुद्धचे पत्र न टाकून केली होती.

"पाच महिने!" उमसुनचा आवाज चढत गेला. "सख्ख्या बहिणीला एक 'नाही' लिहायला पाच महिने! आणि इकडे मी चमचे मोजून ढोसतेय, अंगावर कोट बसेना, आणि तुम्ही माझ्यासमोर पुस्तक धरून बसलात? एवढी पुस्तकं वाचलीत, त्यातल्या एकातही नव्हतं का, की बायकोला सांगावं?"

"उमसुन, मला वाटलं..."

"वाटलं! वाटत बसा!" ती बहिणीकडे वळली. "आणि तू गं! सूज म्हणे! आतली सूज! आठ किलो सूज? ऊठ. ते बोरसोक ठेव खाली. डबे उचल आणि चालती हो!"

"ताई, अगं आशीर्वाद तर दाजींनीच..."

"तो घराला होता!" दोरोनबेक आणि उमसुन एकदमच ओरडले.

अनारकुल डबे घेऊन गेली, पण जाताना बोरसोक रुमालात बांधून घेऊन गेली. रागात असली तरी उमसुनने ते बांधून दिले होते. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते.

मग उमसुनने टेबल पुसले, कागद ठेवला. "लिहा. माझ्यासमोर लिहा."

त्याने लिहिले, "ताई, गोळ्या सोडू नकोस. पुडीने काही होत नाही. तो आशीर्वाद पुडीला नव्हता. डॉक्टरीण पोर असली तरी तिचंच खरं आहे. मी वाळलो तो चालून. हेच पत्र तुला टाकायला रोज जात होतो आणि धीर न होऊन परत येत होतो. मला माफ कर. तुझा दोरोन." त्याची लेखणी "काही"च्या आधी जरा रेंगाळली.

"बहुधा घातलंत तर बघा," उमसुन म्हणाली आणि कोट शोधू लागली.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. एकट्याला सोडलं तर पाकीट परत येईल."

"मग ट्रॉलीबसने जाऊ. तुला चालवणार नाही."

"ट्रॉलीबसमध्ये सगळा गाव. 'पत्रकातले अक्सकाल आले' म्हणून पुडीचा भाव विचारतील. चला नदीकाठाने."

कोटाची बटणे न लावताच ती निघाली. पहिल्या पुलापर्यंत ती अनारकुलला शिव्या देत होती, दुसऱ्या पुलापर्यंत नवऱ्याला, आणि त्यानंतर कुणालाच नाही, कारण श्वास पुरत नव्हता. तीन वेळा ती दगडावर बसली. तिन्ही वेळा दोरोनबेक जवळ उभा राहिला. दीड तासाने टपालघर आले.

पेटीसमोर आल्यावर त्याने खिशातून पेन्सिल काढली.

"आता काय?" उमसुन दम टाकत म्हणाली. "काही खोडायचं नाही!"

"खोडत नाही. वाढवतोय."

पाकीट भिंतीला टेकवून त्याने मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले, "उत्तर नक्की पाठव. पण कुणाच्या हाती देऊ नकोस, स्वतः चालत जाऊन टाक. मी लगेच उलट पत्र लिहीन. मग तू पुन्हा लिही."

उमसुनने ते वाचले. पाकीट फटीत अर्धे गेले आणि तिथेच थांबले. दोरोनबेकच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली होती. तिने त्याच्या कोपराला एक सणसणीत धक्का दिला.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला.