बाजारभावाखालची ओळ

गफारच्या थोरल्या मुलीचं, हसीनाबीचं, लग्न झालं ते साल एकोणसाठ. मुरुम गावात मांडव पडला होता. जेवण उरकून मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दुकान असलेले अण्णाराव आडते मांडवाबाहेर टोपी काढून वारा घेत उभे राहिले. तेवढ्यात कुठून तरी एक कावळा आला आणि त्यांच्या टकलाला पाय लावून गेला.

दहा माणसांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. कावळा शिवला की माणसाचं आयुष्य सरलं, अशी तिकडची समजूत. त्यावर उताराही ठरलेला. शिवलेला माणूस वारला अशी खोटी बातमी परगावच्या नातेवाइकाला कळवायची. त्यानं ती खरी मानून टिपं गाळली की मरण टळलं. मात्र हे अमावास्येच्या आत व्हायला हवं. अमावास्या सतरा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी अण्णाराव गफारच्या छापखान्यात येऊन बसले. गफार दर शुक्रवारी 'बिब्बा' नावाचं चार पानी साप्ताहिक काढायचा. लिहायचा तो, टाइप जुळवायचा धाकटा भाऊ बशीर. हैद्राबाद रस्त्यावरचे ट्रकवाले अंकाचे गठ्ठे उमरगा, नळदुर्गापर्यंत पोचवायचे.

"गफार, तुज्या मांडवात शिवला. आता तूच निस्तर."

"अण्णा, नळदुर्गाला तुमच्या बहिणीला, द्वारकाबाईंना, मयताचं कार्ड टाका की. कोपरा फाडून."

"टाकलं व्हतं पंचावन साली. तवाबी शिवलाच व्हता. बिचारी गाडी जुपून रडत आली, अन् म्या दारात बसून भजी खात व्हतो. म्हनली, दादा, आता खरं मेलास तरी कार्डावर येनार न्हाय. छापून येऊ दे, मग बघू."

गफारला नाही म्हणवेना. शिवाय सोयही होती. 'बिब्बा'त 'आठवड्याचा मयत' नावाचं एक सदर असायचं. त्याची काळी चौकट सुतळीनं बांधून कायम तयार ठेवलेली असे. आतला मजकूर तेवढा बदलायचा. मागच्या आठवड्यात त्यात उमरग्याचा रस्ता वारला होता, त्याच्या आधी पंचायतीचा कंदील. या शुक्रवारी बशीरनं त्यात अण्णारावांना बसवलं.

शनिवारी एक ट्रकवाला नळदुर्गाहून निरोप घेऊन आला. "द्वारकाबाई पोट धरून हसल्या. म्हनल्या, दादाचं वजन बघून खांदेकरी चार न्हाय, आठ बोलवा."

मुरुमातही तेच. जो तो हाक मारून विचारायचा, "अण्णा, तेराव्याला गोड काय करनार?" अण्णारावांचं जेवण निम्म्यावर आलं. कावळ्याची सावली जरी पडली तरी ते डोक्यावर पोतं घ्यायचे.

"दुसरीकडं घाल," ते गफारला म्हणाले. "पयल्या पानावर 'खरी बातमी' म्हनून येतंय की."

"अण्णा, तिथं आठवड्यातली सगळ्यात मोठी थाप आसती."

"मग 'चूकभूल'?"

"तिथं आमी खरं लिवल्याबद्दल माफी मागतो."

"'हरवलं-सापडलं'?"

"तिथं पुढाऱ्यांची लाज आसती. हरवलेली."

अण्णारावांनी अंक उलटा केला, सुलटा केला. "चार पानांचा पेपर, अन् खोटं बोलाया एक कोपरा न्हाय?"

सहा वर्षं एकेक सदर गफारनंच उभं केलं होतं. शेवटी दोन सदरांच्या मधे, चौकट नाही, मथळा नाही, अशी साधी बातमी त्यानं छापली: अण्णाराव आडते वारले. वाचक संध्याकाळपर्यंत त्यातली गंमत शोधत बसले. शाळेतल्या मास्तरांनी त्यातून सरकारवरचा टोमणा काढून दाखवला. द्वारकाबाईचा निरोप आला, "या खेपेचा इनोद समजला न्हाय."

आता एकच शुक्रवार उरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या. अण्णाराव तापानं फणफणले. त्यांची बायको धुरपताबाई गफारच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"भावजी, माजं कुंकू तुमच्या पेपरात आडकलंय."

कावळ्याचं गफार मानत नव्हता, पण हा माणूस नुसत्या भीतीनं गेला तर? मयत म्हणून आधी आपणच छापलंय. सगळा गाव बोट दाखवील.

त्याची आई, बेगमबी, लसूण सोलत होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "बेटा, लोकां तुझा पेपर हातात घेतले की आधी काय बघतात?"

"मागचं पान, अम्मी. बाजारभाव."

"का?"

"ते म्या खरे छापतो. मोंढ्यात जाऊन, लिहून आणून."

"मग तिथंच घाल की."

"अम्मी, सगळ्या पेपरात तेवढंच एक खरं हाय."

"और अण्णा? वो भी एकच है."

शुक्रवारी 'बिब्बा'त ज्वारी, तूर, करडईच्या भावाखाली एक ओळ आली: 'अण्णाराव आडते वारल्यामुळं उद्या मोंढा बंद.'

शनिवारी मोंढ्यात एक गाडी आली नाही. उमरगा रस्त्यावरून आलेल्या गाड्या वेशीवरूनच माघारी वळल्या. हमाल तंबाखू मळत बसले. शेजारच्या आडत्यांनीही फळ्या लावल्या.

"आरं, काल तर बोललो अण्णाशी!"

"काल बोललास. पन आज भावाखाली आलंय."

दुपारी ट्रकमधून नळदुर्गाची बारा माणसं उतरली. द्वारकाबाईनं वेशीपासून टाहो फोडला तो अण्णारावांच्या दारात येऊन पडेपर्यंत. "दादा, दोनदा सांगून पाठवलंस, अन् म्या हसले रं!"

आत घोंगडीखाली अण्णाराव एकेक हुंदका कान देऊन ऐकत होते. त्यांना घाम फुटला आणि ताप उतरला. ते बाहेर आले. "बाई, बास. भागलं."

द्वारकाबाईनं हातातलं गाठोडं त्यांच्या डोक्यात घातलं. मग त्यांच्या दंडाला हात लावून बघितलं. "किती वाळलास रं! भाकरी खाल्लीस का?" आणि पुन्हा रडायला लागली. हे रडणं उताऱ्यात धरायचं की नाही, ते कुणाला ठरवता आलं नाही.

अण्णाराव तरले, पण 'बिब्बा'चे भाव बुडाले. तूर किती, हे विचारायला लोक आपल्या पायानं मोंढ्यात जाऊ लागले. खप निम्म्यावर आला. गफार तरीही दर आठवड्याला भाव बिनचूक छापत राहिला. भावाखाली त्यानं आठ वर्षांत एक ओळ टाकली नाही.

ती बशीरनं टाकली, सदुसष्ट साली. 'संपादक गफार वारले.' नळदुर्गात लोक वाचून हसले. 'बिब्बा'ची जुनी खोड, म्हणाले. अण्णाराव तेव्हा बहिणीकडं राहायला गेले होते. अंक खाली ठेवून त्यांनी टोपी घातली आणि डोळे पुसत पायताण शोधू लागले.

"दादा, येडा का काय?" द्वारकाबाई म्हणाली. "त्याला कावळा शिवला आसंल."

"मग तर रडायलाच पायजे," अण्णाराव म्हणाले, आणि मिळेल त्या ट्रकनं, ड्रायव्हरशेजारी बसून, मुरुमापर्यंत रडत गेले.

कावळा शिवला नव्हता. गफार लालमहंमद सदुसष्ट सालच्या भादव्यात, गुरुवारी वारला. अण्णाराव चौऱ्याऐंशी साली वारले, म्हातारपणानं.