नऊशे चौऱ्याण्णव तासांनंतरचं टोक

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या चाचणी-खोलीतल्या दिव्याचे सलग नऊशे चौऱ्याण्णव तास भरले, आणि त्याच मिनिटाला मला दिसलं की त्याचं टोक झिजलंय.

आदल्याच संध्याकाळी मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "हजार तास? डोळे मिटून!"

दिवा म्हणजे लिंबाएवढा काचेचा गोळा. आत टंगस्टनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे चार मिलिमीटरची फट, फटीत ज्योत आणि भोवती ट्रकच्या टायरला लाजवेल इतका वायूचा दाब. टोक झिजलं की ज्योत नाचते. फारच नाचली तर गोळा फुटू शकतो. न विझता हजार तास जळला तर नवं टोक पास. नाहीतर विभाग बंद आणि आम्ही खोकी बांधायला, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली वहिनी. टोक घासून घडवते ती. या टोकामागे तिची तीन वर्षं गेली आहेत.

दिव्याकडे थेट बघता येत नाही. म्हणून भिंगातून त्याचं वीसपट चित्र समोरच्या फळ्यावर पाडायचं आणि रोज सकाळी टोकांची कड पेन्सिलीने गिरवायची, ही आमची पद्धत. एक्केचाळीस दिवस रेघेवर रेघ बसत होती. आज फळ्यावरची फट बोटभर जास्त रुंद!

मी खालच्या मजल्यावर फोन लावला. "वहिनी, टोक गेलं!"

"कुठे गेलं?"

"झिजलं! एका रात्रीत!"

"भावजी, मी वर येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

हात न लावता नुसतं उभं राहणं मला आजवर जमलेलं नाही. टोक जळतंय, तर जाळ कमी करावा, एवढा सरळ विचार करून मी करंट पाचव्या हिश्श्याने उतरवला. साडेनऊला ज्योत डुलू लागली. नऊ पस्तीसला ती भर उन्हात गच्चीवर अनवाणी निघालेल्या माणसासारखी टोकावर उड्या मारत होती!

वहिनी आली ती तोंडावर संरक्षक मुखवटा चढवूनच. "करंट किती आहे?"

"थोडा उतरवलाय. टोकाला जरा आराम."

"आराम? बाळंतीण आहे का ते? टोक पुरेसं तापलं नाही तर ज्योत एका जागी टिकत नाही. जागा शोधत फिरते आणि फिरेल तिथे खड्डा पाडते!"

तिने करंट हळूहळू वर नेला. ज्योत नाचतच राहिली. मग ती फळ्यापाशी गेली आणि गप्प झाली. ती गप्प झाली की आमच्या घरी दादा आपणहून भांडी घासायला उठतो.

"भावजी, टोक झिजलंय ना? मग कांडी जाड कशी झाली?"

"उष्णतेनं सुजली असेल."

"आणि कडा अशा धूसर?"

"मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला."

"फळा कोणी हलवला?"

फळा मीच हलवला होता. आज तीन वाजता खरेदीदार पाहुणे यायचे, त्यांच्या खुर्च्या मावाव्यात म्हणून काल फूटभर मागे. फळा मागे गेला की चित्र मोठं होतं, हे मला आठवीपासून माहीत आहे.

वहिनीने फळा जागेवर ढकलला. फट बरोबर पेन्सिलीच्या रेघेवर येऊन बसली.

"म्हणजे सकाळी नऊपर्यंत टोक धडधाकट होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता?"

आता फळ्यावर टोकाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा दिसत होता. ताजा. माझ्या हातचा.

विझवावा तर चाचणी बाद. चालू ठेवावा तर खड्डा वाढणार. आम्ही पाच तास आळीपाळीने श्वास घेतला!

अडीचला साहेब पाहुण्यांना घेऊन वेळेआधीच हजर. "हे मुखवटे कशाला?"

"नियम आहे, साहेब," वहिनी म्हणाली.

"काल नव्हता."

"आज सकाळी केला."

"आणि ज्योत हलतेय का?"

"श्वास घेतेय," मी म्हणालो. वहिनीने माझ्या पायावर पाय दिला.

पाहुण्यांना आम्ही चहाच्या निमित्ताने जाड भिंतीपलीकडे बसवलं. साहेबांनी मात्र मुखवटा चढवून दिव्याच्या अगदी जवळची खुर्ची पकडली.

दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांची नोंद अशी: नऊशे नव्व्याण्णव तास, अठ्ठेचाळीस मिनिटं. दिवा चालू. खड्डा वाटाण्याएवढा. खुर्ची मागे घ्या असं साहेबांना कोणी सांगायचं, यावर दिरा-भावजयीचं अजून एकमत झालेलं नाही.