उंटसाहेबांची लाल गाडी

"गाडी निवडायची म्हणजे निरीक्षण लागतं. आणि निरीक्षणात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं साहेबांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं.

पत्नी ओट्यापाशी उभी होती. "तुम्ही काल निरीक्षण करून आणलेली वांगी चिरतेय," ती म्हणाली. "निम्मी किडकी निघाली."

साहेब शहराच्या रस्ते खात्यात बत्तीस वर्षं होते, त्यातली सव्वीस गतिरोधक विभागात. शहरातला एकूण एक स्पीडब्रेकर त्यांच्या सहीने जन्माला आला होता. नियमातली उंची त्यांना मिळमिळीत वाटे, म्हणून दर वेळी ते कागदावर दोन बोटं वाढवून घेत. स्वतः ऑफिसच्या उंच जीपमधून फिरत असल्यामुळे त्यांना आपले स्पीडब्रेकर पाळण्याच्या झोक्यासारखे वाटत. गावाने त्यांचं नाव 'उंटसाहेब' ठेवलं होतं आणि साहेब ते कौतुक समजून चालत.

पण अख्ख्या गावाला तिसऱ्या गियरच्या पुढे जाऊ न देणाऱ्या या माणसाच्या मनात एकच इच्छा ठाण मांडून बसली होती. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या स्पोर्ट्स कारमध्ये पाचवा गियर टाकायचा.

निवृत्तीच्या रकमेतून दवाखान्याचे आणि छताच्या गळतीचे पैसे पत्नीने आधीच बाजूला काढले. उरलेल्या रकमेत नव्या स्पोर्ट्स कारची चार चाकं आली असती, फार तर आरसे. म्हणून जुनी घ्यायचं ठरलं.

पहिली पिवळी होती. तिचं छप्पर उघडायचं, मिटायचं मात्र नाही.

"पाऊस आला तर?" पत्नीने विचारलं.

"जोरात हाणायची, काकू. थेंब मागे पडतात," दलाल म्हणाला.

दुसरी चंदेरी. ती ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती. "यांची कंबर बघा आणि मग गाडी दाखवा," असं म्हणून पत्नीने तिचा निकाल लावला.

तिसरी लाल. साहेब तिच्याभोवती लग्नातल्या नवऱ्यासारखे फिरले. खिशातून सत्तावीस मुद्द्यांची यादी निघाली. इंजिन, क्लच, दिवे, टायर, गंज, कागदपत्रं. एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण पडत गेली. सोबत आणलेला मेकॅनिक जमिनीवर आडवा झाला आणि लगेच उठून बसला.

"काय झालं?"

"खाली शिरता येत नाही, साहेब. हात जातो, डोकं जात नाही."

"बघ," साहेब पत्नीला म्हणाले, "रस्त्याला कशी चिकटून आहे. याला म्हणतात पकड."

दलालाचं दुकान शहराबाहेर, महामार्गाच्या वळणावर होतं. महामार्ग साहेबांच्या खात्याकडे नसल्यामुळे गुळगुळीत होता. चाचणीला दलालाने चौथ्या गियरपर्यंत नेली आणि पाचव्यावर हात ठेवला, तशी साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "तो मी टाकणार. गाडी माझ्या नावावर झाली की."

आठवड्याने गाडी नावावर झाली. आज घरी नेऊन पूजा करायची आणि उद्या सकाळी महामार्गावर पाचवा, असा बेत ठरवून साहेबांनी गाडी शहरात वळवली. घर आणि दुकान यांच्यामध्ये सतरा स्पीडब्रेकर होते. हे साहेबांइतकं पक्कं शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि यादीत ते नव्हतं.

पहिल्यावर करपलेलं पातेलं खरवडल्यासारखा आवाज आला.

"काय गेलं?" पत्नीने विचारलं.

"काही नाही. रंग असेल."

दुसऱ्याला वजन कमी करायला पत्नी उतरली आणि चालत पुढे निघाली. एक आजोबा काठी टेकत गाडीला मागे टाकून गेले. तिसऱ्याला एका सुताराकडून फळ्या आणून चाकांखाली घातल्या. चौथ्यावर फळ्याच मोडल्या आणि गाडी पोटावर टेकून तराजूसारखी डुलू लागली. दहा-बारा माणसं जमली.

"कुणी बांधलाय हा?" घाम पुसत सुतार म्हणाला. "त्याला एकदा यावरून लोळवला पाहिजे."

"अगदी," साहेब म्हणाले.

पत्नी आभाळाकडे बघत राहिली.

लोकांनी उचलून गाडी पलीकडे ठेवली. समोर दोनशे दहा मीटरवर पाचवा दिसत होता. साहेबांनी तो ओळखला. तो त्यांचा सर्वांत देखणा होता. त्याच्या उद्घाटनाला त्यांनी फोटोही काढून घेतला होता. त्यांनी इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्याच हाताखाली शिकलेला त्यांच्या खुर्चीत होता. तो उठून उभा राहिला.

"एकच पाडायचाय रे. पाचवा. गियर टाकण्यापुरता मोकळा तुकडा मिळेल."

त्याने संकोचाने नियमावली पुढे केली. 'खासगी वाहनाच्या सोयीसाठी गतिरोधक काढता येणार नाही, अर्जदार कोणीही असो.'

"हे 'कोणीही असो' कुणी घुसडलं?"

"तुम्हीच, साहेब. महापौरांची गाडी घासली होती तेव्हा."

साहेबांनी दलालाला फोन केला. "तिथून बाहेर काढून आणा, मग परत घेण्याचं बघू," तो म्हणाला. पण उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्याचा परवाना शहराच्या हद्दीपुरताच होता. त्याने दारापर्यंत नेण्याची तयारी दाखवली, पण घरासमोरच्या दोन स्पीडब्रेकरमध्ये अंतर होतं चाळीस मीटर. शहरातला सर्वांत लांब मोकळा तुकडा गाडी उभी होती तोच.

तेव्हापासून साहेब रोज सकाळी पाऊण तास चालत तिथे जात. पत्नी पाण्याची बाटली घेऊन बरोबर असे. पहिला, दुसरा, तिसरा, ब्रेक. मग उलटे मागे.

"लागला का चौथा?"

"लागतोय असं वाटेपर्यंत रस्ता संपतो गं."

पंधरा दिवसांनी ऑफिसातून पाकीट आलं. त्या गल्लीतल्या रहिवाशांचा अर्ज होता. एक वयस्कर गृहस्थ रोज सकाळी लाल गाडी भरधाव पुढे-मागे नेतात, तरी रस्त्याच्या मधोमध एक गतिरोधक मिळावा. खाली शिष्याची टीप होती: 'अनुभवी अभिप्रायासाठी सादर.'

"फाडा," पत्नी म्हणाली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. अंतर नियमात बसत होतं. सह्या पुरेशा होत्या. सुताराची पहिलीच होती.

"बिनचूक अर्ज आहे गं," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, आणि पेन उघडून त्यांनी लिहिलं, 'शिफारस करण्यात येते.'

पेनाचं टोपण लावता लावता सव्वीस वर्षांची सवय असलेला हात पुन्हा कागदाकडे गेला.

'उंची दोन बोटं जास्त ठेवावी.'