दोन जोतिबा आणि अक्काताईचं पत्र

आधीच सांगतो, चूक माझी नव्हती. कॉम्प्युटरला नाव ठेवणं हा गुन्हा असेल तर मला खुशाल फाशी द्या. पण त्याआधी ज्यानं कॉम्प्युटरला 'डेस्कटॉप सात के चार क्यू नऊ' असलं नाव ठेवून माझ्या गळ्यात मारला, त्याला धरा. हे काय नाव झालं? मोटारीची नंबरप्लेट बरी!

आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, मोठा कॉम्प्युटर आहे, त्याला प्रिंटर जोडलाय. आतल्या खोलीत मुलीचा, म्हणजे भैरवीचा, लॅपटॉप. लॅपटॉपवर लिहायचं, वायफायवरून मोठ्याकडं पाठवायचं आणि तिथं छापायचं, एवढी साधी गोष्ट. पण दर वेळी यादीतून ती नंबरप्लेट शोधता शोधता डोळे फुटायची वेळ यायची. एका रविवारी मी ठरवलं, याचं बारसंच करून टाकू.

नाव काय ठेवायचं हा प्रश्न आमच्या घराण्याला कधी पडतच नाही. आमच्या कंग्राळी गावात कुणालाही विचारा. घरात नवं काही आलं की त्याला आजोबांचं नाव. मळ्यातली विहीर जोतिबा, पिठाची गिरणी जोतिबा, थोरल्या भावाच्या, गुंडूअण्णाच्या ट्रॅक्टरवर तर पुढं आणि मागं, दोन्हीकडं जोतिबा. मी भक्तिभावानं इंग्रजीत जोतिबा टाईप केलं आणि वर एक उदबत्ती लावली. (राख कीबोर्डात पडली आणि तेव्हापासून 'म' उमटायला दोनदा दाबावं लागतं.)

दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर अडकला. मी सवयीनं तोंड सोडलं, तशी माझी बायको, माधवी, घरामागच्या परड्यातनं धावत आली.

"अवो, आजोबांना शिव्या देताय? लाज वाटत न्हाय?"

"आजोबांना न्हाय गं, मशीनला देतोय!"

"नाव कुणाचं हाय त्याचं?"

झालं. तेव्हापासून मी हात जोडून "जोतिबा, तेवढं चालू व्हा" म्हणतो. मला सांगा, आपणच विकत आणलेल्या यंत्राला अहोजाहो करायची पाळी दुसऱ्या कुणावर आली असेल का?

आता मुख्य गोष्ट. गुंडूअण्णा वरच्या मजल्यावर राहतो, मी खाली, आणि वायफाय दोघांत एक. तीन महिने झाले, अण्णा तो ट्रॅक्टर बरोबर माझ्या दारात आडवा लावतोय. मला रोज सकाळी शहरात, कॅम्पातल्या ऑफिसला जायचं असतं. स्कूटर तिरकी करून, पोट आत घेऊन, मडगार्डाला गुडघा घासत बाहेर पडावं लागतं. दोन पॅन्ट फाटल्या. पण थोरल्या भावाला तोंडावर कसं सांगायचं? आमच्यात तशी पद्धत नाही. आमच्यात तक्रार जाते निपाणीला, थोरल्या बहिणीकडं. अक्काताईचा शब्द शेवटचा.

म्हणून मी दार लावून लॅपटॉपवर अक्काताईला तीन पानी पत्र लिहिलं. ट्रॅक्टर होताच. शिवाय अण्णाचं पहाटेचं खाकरणं, त्याच्या बायकोच्या, मंगलवैनींच्या, खर्ड्यातलं मीठ, आणि शेवटी रागाच्या भरात, 'अंगणात मधोमध भिंत घालून द्यावी.' लिहिताना मलाच घाम फुटला. हे पत्र वरच्या मजल्याला कळलं तर घर फुटलं म्हणून समजा.

पत्र जोतिबाकडं पाठवलं. सोप्यात येऊन बघतो तर काहीच नाही. पुन्हा पाठवलं. नाही. तिसऱ्यांदा पाठवलं आणि भैरवीला हाक मारली. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "बाबा, वरच्या काकांनी कॉम्प्युटरचं नाव काय ठेवलंय?"

"मला काय ठाऊक?"

"जोतिबा."

"अगं, पण जोतिबा आपला हाय!"

"एका वायफायवर दोन जोतिबा झाल्यात. तुम्ही हाक मारताय, आणि जो आधी ओ देतोय त्याच्याकडं फाईल जातीया. काकांचा नवा हाय, तो लगेच ओ देतोय."

म्हणजे इथंही थोरल्याचाच मान पहिला! "मग परत आण की!" मी किंचाळलो.

"आपल्याला तिथं टाकता येतंय, पुसता येत न्हाय."

मी अनवाणी जिना चढलो. अण्णा चष्मा लावून कॉम्प्युटरपुढं बसला होता.

"ये चिंतामणी, बस. तुझंच वाचतोय." मान न वळवता तो म्हणाला, "तीन डाव कशाला पाठवलंस रं? एकदा पाठवलं असतंस तरी कळलं असतं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"ट्रॅक्टर आडवा येतोय म्हणायला काय झालतं? तोंड न्हाय व्हय तुला?" अण्णानं खुंटीवरची किल्ली घेतली. "आत्ता मागं लावतो. आणि भिंतीचं राहू दे. भिंतीपल्याड वायफाय येत न्हाय." जिन्यात तो थांबला. "आणि हे बघ. मी बी गेल्या महिन्यात अक्काताईला पत्र लिवलतं, पोराच्या लॅपटॉपवर. तवा माझा जोतिबा बंद असंल, पत्र कुठं गेलं गावंना झालंय. तुझं माझ्याकडं आलं, म्हणजे माझं तुझ्याकडं असंल."

म्हणजे अण्णाही माझ्याबद्दल लिहीत होता! धडपडत खाली आलो, जोतिबाला हात जोडले, फोल्डर उघडला. पत्र होतं. चार पानी!

पहिल्या पानावर ऊस. मग दीड पान म्हैस. ती किती खाते, कशानं रुसते, तिच्या मनाला काय लागतं, सगळं सविस्तर. मग मंगलवैनींचे गुडघे, मग विहिरीचा पंप. मी शेवटच्या ओळीवर आलो. 'चिंतामणीचं विशेष काही नाही.'

बाहेर ट्रॅक्टर सुरू होऊन मागं गेला. दार मोकळं झालं. मी खुर्चीतच बसून राहिलो.

माधवीनं माझं तोंड बघितलं. "काय वंगाळ लिवलंय का भावजींनी?"

"लिवलंच न्हाय!" मी ओरडलो. "सख्खा भाऊ मी! तीन पानं लिवली त्याच्यावर! आणि त्यानं माझ्याबद्दल एक, एक तक्रार करू नये? आणि त्या म्हशीला दीड पान?"

"अवो, म्हशीवर जळताय व्हय?"

मी नाही म्हणालो. पण दीड पान म्हणजे लईच झालं.