भियालो तो वाचलो

आमचा बाबलदादा घरातला पंखा डवलीच्या दांड्याने लावतो. डवली म्हणजे करवंटीची, लाकडी दांड्याची पळी. बाकीच्या घरांत ती चुलीपाशी सापडते, त्याच्या घरात बटणाखाली खिळ्याला टांगलेली असते. सुमावहिनीची आमटी उतू जायला लागली की ती आतून ओरडते, "अहो, तुमचो पंखो ऱ्हवांदे, माजी डवली हाडा!"

गंमत म्हणजे या माणसाचा सगळा जन्म वीज खात्यात गेला. टेबलावर. तारेला त्याने कधी हात लावला नाही, पण हात लावलेल्यांचे कागद सगळे त्याच्या टेबलावरून गेले. त्यातून त्याने आयुष्याचं सार काढलं: "भियालो तो वाचलो." हे तो दिवसातून इतक्यांदा म्हणतो की आमच्या वाडीतली पोरं त्याला पाहिलं की आधीच म्हणून टाकतात.

बाबलदादा माझा मावसभाऊ आणि शेजारीही. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक गडगा आहे, चिऱ्याच्या दगडांचा, कमरेइतका. पलीकडचा संसार अलीकडे दिसतो आणि ऐकूही येतो. दादा माडाखालून जाताना डोक्यावर टोपली धरतो. मालवणच्या किनाऱ्यावर जन्माला येऊन काट्याचा मासा खात नाही. ताटात पेडवे दिसले की म्हणतो, "ह्यो मासो नाय, ही सुयांची डबी." फुरसं या सापाचं तर नावसुद्धा घेत नाही, 'तां' म्हणतो.

त्याला हसायचा मला अधिकार नाही. अंधारात विहिरीकडे जाताना मी मोठ्याने खोकतो. माझी बायको मंगल म्हणते, "तुमच्या आयांनी दोघी बहिणींत एकच काळीज वाटून घेतलं, तेही सशाचं."

तर असा हा माणूस धावायला लागला. भीतीने माणसं घरात बसतात, हा भीतीनेच बाहेर पडला. त्याचे वडील आणि थोरला भाऊ, दोघेही साधारण एकाच वयात, अंगणात बोलता बोलता गेले. दादा त्या वयाला पोचला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला.

"चलान काय जाता?" दादा मला म्हणाला. "यम येता रेड्यार बसान. रेडो चलता. म्हणान मी धावतंय. गावाचंय नाय तेका."

त्याच सुमारास सुमावहिनी विहिरीच्या शेवाळावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून ती लोखंडी वॉकर धरून घरातल्या घरात चालते, तीही कुणी पाठीशी उभं असेल तर. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा पडलात तर कठीण आहे. वहिनी कुणाला घाबरणारी नव्हे. जिभेला धार, डोळ्यांत हसू. पण तिच्या पडण्याने दादाच्या सगळ्या भीती गोळा होऊन एका जागी बसल्या. एकदा गडग्यावर टेकून तो म्हणाला, "बाळू, माका मरणाचा भय नाय रे. माका काय झाला तर हिका खाटीवरसून उठयतलो कोण?"

पुण्याच्या मुलाने धावण्याचे बूट पाठवले. पोपटी रंगाचे, होडीएवढे, खाली जाड गादी. दादा पहाटे फटफटताना निघायचा आणि सगळ्या वाडीला कळायचं. थप, थप, थप! आमच्या गडग्याजवळून सुरूच्या बनात, तिथून किनाऱ्याने खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत. आवाजावर तो खूश होता. "तांका कळाक होया मी येतंय तां," असं म्हणायचा. म्हणजे फुरशाला.

खाटेवरून वहिनी म्हणायची, "तां कित्याक पळतला? हसान हसान बिळातच मरतला."

वर्षभरात दादाचा उजवा गुडघा सुजला. मुलाने मोबाईलवर वडिलांचं धावणं बघितलं आणि निकाल दिला: बाबा, या गादीमुळे तुम्ही टाच आपटता. पातळ तळाचे बूट घ्या, अनवाणी धावल्यासारखे. पावलाच्या पुढच्या भागावर हलके उतरा. आपले पूर्वज असेच धावायचे.

"पूर्वज धावत, कारण पाठी वाघ होतो," दादा म्हणाला. "आणि जे नीट धावले नाय, ते पूर्वज झालेच नाय."

मुलाने तरीही पातळ बूट पाठवले. तळ म्हणजे तांदळाच्या पिठाचं शुद्ध घावण! हातात धरून उजेडाकडे केलं तर पलीकडचं दिसेल असं वाटावं. दादाने खोका उघडला, तळावर बोट दाबलं, बोट वरून दिसलं, आणि खोका बंद केला. काटे, शिंपल्या, काचा, आणि 'तां'. छे.

त्यापेक्षा देव बरा. गुडघा देवाने बरा केला तर जाड बूट सोडायलाच नकोत, असा त्याचा हिशोब. आमच्या गावचा देव वेतोबा. रात्री गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवसाला लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, चांगल्या हातभर लांब. दादाने मानकऱ्यांना सांगितलं, वहाणांचा एक जोड बोला. मानकरी म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारे आमचे तात्या. तात्या एकदा सुरात आले की त्यांना देवसुद्धा थांबवू शकत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू तुज्या दाराक इलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेचो गुडघो धरलो आसा, तो सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गुण इलो तर पायातली वहाणा काढून तुज्या पायार घालतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. सवयच ती. गाऱ्हाण्यात काय बोलले हे घरी गेल्यावर कळतं.

महिनाभराची विश्रांती, मंगलने दिलेलं तेल आणि देवाची कृपा, यांपैकी कशानेतरी गुडघा बरा झाला. दादा चामड्याच्या वहाणांचा जोड घेऊन देवळात गेला. तात्यांनी जोडाकडे बघितलं, मग पायरीवर काढून ठेवलेल्या पोपटी बुटांकडे.

"पायातली म्हटलेला."

"तात्यानू, पायातली म्हणजे पायात घालूची…"

"पायातली म्हणजे पायातली! तोंडातलो दात म्हणजे बाजारातलो दात नाय."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण देवाशी शब्दावरून वाद घालायला काळीज लागतं. दादा चामड्याचा जोडही ठेवून आला, पोपटी बूटही ठेवून आला आणि उन्हात तापलेल्या डांबरावरून पाय उचलत घरी आला. आजही त्या भल्यामोठ्या वहाणांच्या रांगेत एक पोपटी जोड उभा आहे. गाव म्हणतं, हल्ली देवाची फेरी लवकर आटोपते.

धावणं तर सोडवत नव्हतं, रेडा मागे होताच. दादाने खोका पुन्हा उघडला.

पहिले दिवस अंगणातच. आधी अंगण झाडायचं, मग वाकून बघायचं, मग मला गडग्यापलीकडून बघायला लावायचं, मग घावणं पायात चढवून तिथेच गोल गोल. पोटऱ्या अशा धरल्या की घराच्या पायऱ्या बसून उतरायचा. मग ओली वाळू. पाऊल कसं टाकायचं, तर मांजर दुधाकडे जाताना टाकतं तसं. मी एकदा सोबत गेलो. माझं पोट माझ्याआधी धावत होतं, मी त्याच्या मागून. अर्ध्या वाटेत मी एका पालथ्या होडीवर बसलो आणि दादा पुढे गेला. मला नवल वाटलं. इतका भित्रा माणूस, पण त्या पातळ तळांवर तो जमिनीची चौकशी करत करत चालल्यासारखा धावत होता. आवाज शून्य.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात भय पसरलं.

पहाटे घंटा ऐकू येऊ लागली. किण… किण… किण. पावलांचा आवाज नाही, नुसती घंटा, किनाऱ्याकडून येणारी आणि खाडीकडे जाणारी. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की गावाचा राखणदार फेरीला निघतो तेव्हा त्याच्या काठीचे घुंगूर वाजतात, आणि पाऊल वाजत नाही. मासेवाल्या बायका उजाडेपर्यंत घराबाहेर पडेनात. कुणी म्हणालं, राखणदार रागावलाय. कुणी म्हणालं, देवाला पोपटी बूट दिले, त्याचं हे फळ.

मी पांघरुणातून ऐकायचो. एका पहाटे पोटाने दगा दिला आणि मला बाहेर जावंच लागलं. हवेत गारठा, म्हणून अंगावर पांढरी चादर. परत येताना सुरूच्या बनाशी धुकं दाटलेलं आणि घंटा माझ्याच दिशेला. किण… किण… किण. खोकायचं म्हटलं तर राखणदारावर खोकणार कसं? मी डोळे मिटून, हात जोडून उभा राहिलो. "बा राखणदारा! अजाणता कायव चुकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

समोरून थरथरता आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

राखणदार गाऱ्हाणं ऐकतो. त्याला 'व्हय' म्हणत नाही. मी एक डोळा उघडला. कमरेला म्हशीच्या गळ्यातली घंटा बांधून, पायात घावणं घालून, हात जोडून, डोळे घट्ट मिटून बाबलदादा उभा होता. पांढऱ्या चादरीतल्या मला तो राखणदार समजला होता.

"शिरा पडो तुज्या तोंडार!" त्याचा श्वास परत आल्यावर तो म्हणाला. "आता हंयच गेलो असतंय!"

"आणि ही घंटा कसली?"

"तांसाठी. बुटांचो आवाज गेलो मां?"

मला पटलं. पण त्याच्याकडे चहा पिताना आठवलं, सापाला कान नसतात हे मला लहानपणी यानेच शिकवलं होतं. मग घंटा कुणासाठी? विचारलं तर नजर चुकवून पंखा लावायला गेला.

घंटा कुणाची ते कळल्यावर गावाची भीती गेली, मला मात्र एक नवीनच लागली. घंटेने जाग यायची आणि ती खाडीकडे जाऊन परत गडग्यापाशी येईपर्यंत मला कूस बदलता येईना.

परवा पहाटे घंटा गेली, आणि परत येताना मध्येच तिची चाल बिघडली. धावण्याच्या ठेक्यात वाजत नव्हती. एकाच जागेवरून, वेडीवाकडी, घाईघाईने वाजत होती. किणकिण, किण, किणकिणकिण.

अंगणात बोलता बोलता गेलेले दादाचे वडील माझ्या डोळ्यांसमोर आले. मी उठलो आणि पळालो. बन ओलांडल्यावर लक्षात आलं, पायात चप्पल नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न थांबता धावत होतो, तेही अनवाणी, आणि सगळं टोचत होतं.

भरतीच्या रेषेवर दादा बसला होता. उजवं पाऊल मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर. घावण फोडून शिंगाळ्या माशाचा काटा आत शिरला होता, कुणीतरी जाळं झाडून टाकलेला. जन्मभर ज्याला गळ्याशी येऊ दिलं नाही, त्याने खालून वाट काढली होती. दोन्ही हात काटा उपसण्यात गुंतलेले. आणि घंटेची दोरी दातांत धरून तो बैलासारखी मान हलवत होता.

"दादा, काय करतंस ह्यां?"

त्याने दोरी माझ्या हातात थुंकली. "वाजव! आधी वाजव!"

मी वाजवायला लागलो.

"बुटांचो आवाज तिका खाडीपर्यंत ऐकाक येय," तो काट्याकडेच बघत म्हणाला. "माका ठाऊक नव्हता. सारखी हसा मां माका. बूट गेल्यावर एक दिवस धावान घराकडे येतंय तर ही फाटकात. एकटी. वॉकर घेवन तीन पायरे उतारलली. थंडीत थरथरत होती. म्हणता कशी, 'चाफ्याची फुला बघूक इल्लंय.'" त्याने काटा उपसला, ओठ चावला. "आमच्या फाटकात चाफो खंय आसा?"

मी घंटा वाजवत राहिलो. समुद्र, मी आणि म्हशीची घंटा. पाय आता ठणकू लागले होते, माझेही.

"धावल्यासारखी वाजव," दादा म्हणाला. "माका लागला तां तिका कळाक नको."

मी जमेल तसा ठेका धरला. तो माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत निघाला आणि मी शेजारून, जागच्या जागी उड्या मारल्यासारखा, किण किण करत. कुणी पाहिलं असतं तर गावात पुन्हा भय पसरलं असतं. फाटकाशी त्याने घंटा माझ्याकडून घेतली, कमरेला बांधली, पाठ ताठ केली आणि लंगडणं न दाखवता आत गेला.

चहा प्यायला बोलावलं म्हणून मी गेलो. दादा आत पाय धूत होता. वहिनी खिडकीशी बसली होती, कपात चहा ओतत होती. माझ्या पायांकडे तिने एकदा बघितलं.

"शेवटाक घंटा तू वाजवलंस मां रे, बाळू?" तिने हळूच विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

"तरी म्हटला," कप माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "ह्ये इतके बेसूर धावनत नाय."