किसनराव ऑपरेटर आणि माझ्या दुपारी

किसनराव ऑपरेटरांनी मला फसवलं. अख्खा उन्हाळा फसवलं, माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून चार बरे शब्द निघाले, तर मी त्यांना माफ केलं असा कुणी अर्थ काढू नये.

मला फसवणं सोपं नाही. परभणीच्या एस.टी. स्टँडवर कंगवे आणि पिना विकत मी वर आलो. आजही मी कापडाच्या दुकानात शिरलो की मालक नोकराला बाजूला सारून स्वतः पुढे येतो. नोकर माझ्यासमोर टिकत नाही, हे त्याला माहीत आहे.

किसनराव जवळच्याच पेडगावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फिरत्या टॉकीजमध्ये सिनेमाची मशीन चालवली. आज या जत्रेत तंबू, उद्या त्या बाजारात. पुढे तंबू मोडला, पण किसनरावांच्या अंगातला ऑपरेटर काही निवृत्त झाला नाही. कुठलंही काम निम्म्यावर आलं, की ते उठून उभे राहायचे, उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "इंटरवल!"

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडची मंडळी बाह्या सारून उठली, तेव्हा किसनरावांनी इंटरवल केला. चहा आला. चहा संपेपर्यंत कोण कशावर अडलं होतं हेच कुणाला नीट आठवेना, आणि लग्न ठरलं. सत्यनारायणाच्या पूजेत तिसऱ्या अध्यायानंतर त्यांनी हात वर केला. गुरुजींनी डोळे वटारले, पण पाणी मागून घेतलं. माझ्या दुकानात तर कहर केला. एका गिऱ्हाइकाला मी घोळात घेत आणलं होतं, आता 'हो' म्हणणार, एवढ्यात हे उठले. गिऱ्हाईक चहा पिऊन शांत झालं आणि निघून गेलं.

माणसंही ते सिनेमासारखीच पारखायचे. "त्यो सरपंच? आवाज लय हाय, फोकस न्हाई."

तर माझं दुकान. स्टेशन रोडला कॅसेटचं दुकान होतं, त्यात मी व्हिडिओ गेमची मशीन आणून ठेवली. कपाटाएवढी पेटी, तिला पडदा, दांडी आणि बटणं. जुनी होती, मी घासाघीस करून आणली होती. त्या वर्षांत नामांतरावरून कधी मोर्चा तर कधी बंद, शटर कधी पाडावं लागेल याचा नेम नसायचा. जे मिळवायचं ते सुट्टीतल्या दुपारी. त्यात समोर एकाने दोन मशिनी आणून लावल्या. माझी एक मशीन दुपारभर चालली तर माझं दुकान राहणार, नाहीतर मी पुन्हा स्टँडवर, असा सरळ हिशेब होता.

आणि नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाला मशीन बिघडली. पडद्यावरचं विमान पुसट दिसायला लागलं. पोरं ओरडायची, "शेठ, गोळी कुठून यायलीय तेच दिसंना!" आणि समोर पळायची.

किसनराव रोज दुकानात येऊन बसायचेच, त्यांनाच मशीन दाखवली. त्यांनी पेटीच्या पाठीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तापलीय. लय तापलीय. हात लावून बघा."

मी हात लावला. खरंच गरम होती. आता वैशाखात परभणीत कशालाही हात लावा, गरमच लागतं. खुर्ची, कुलूप, पिण्याचं पाणीसुद्धा. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"उपाय?"

"दुपारचा खेळ बंद."

"किसनराव, दुपारच्या खेळावरच माझं पोट हाय!"

"मग जळू द्या. माझं काय जातंय?"

मी शेठ असून घासाघीस करायला लागलो. संध्याकाळी बंद ठेवतो, सकाळी बंद ठेवतो. ते एक मिनिट खाली उतरले नाहीत. मशीन भिंतीपासून लांब ओढली, पाठीमागची धूळ सायकलच्या पंपाने उडवली, स्टॅबिलायझर बदलला, दाराला ओलं पोतं टांगलं. सकाळी चित्र लख्ख. दुपारी जेवायच्या वेळेला किसनराव यायचे, मागे जाऊन बघायचे, आणि चित्र पुन्हा पुसट. मग शटर अर्धं खाली.

त्यांचे नियमही ऐकण्यासारखे होते. "मशीन निवत असताना माणसानं हलायचं न्हाई. हवा ढवळली की गरमी वाढती." म्हणून मला सतरंजीवर आडवं व्हावं लागायचं. पंखा माझ्या उशाला. मी म्हणालो, पंखा मशीनकडे करा की. तर म्हणाले, "सरळ वारा मशीनला बाधतो. माणसावरून गेला की नरम पडतो." हे मी ऐकून घेतलं! मी, ज्याला कापूस बाजारातले अडते वचकून असतात! आडवा पडलो की मला झोप लागायची. उठायचो तेव्हा उन्हं कललेली असायची, किसनराव स्टुलावर बसलेले असायचे आणि चित्र स्वच्छ असायचं.

पाऊस लागला, मशीन आपोआप सुधारली. दिवाळीच्या सुमाराला नवा खेळ बसवायला मी नांदेडहून मेकॅनिक बोलावला. त्याने पाठ उघडली आणि हसायला लागला.

"शेठ, ही मशीन कधी तापलेलीच न्हाई. पर फोकसचा स्क्रू बघा, खाच पार झिजलीय. कुणीतरी रोज फिरवायलं होतं."

मी तसाच पेडगावला गेलो. किसनराव अंगणात एकटेच शेंगा फोडत बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतंच. मी गावाला ऐकू जाईल असा बोललो. समोरच्याने पैसे चारले का, म्हणून विचारलं. त्यांनी बोलू दिलं. मी दम खायला थांबलो, तेव्हा म्हणाले, "चैतात तुमी शटर धरून उभे होता. आठवतंय?"

"जरा अंधारी आली होती. त्याचं काय?"

"बराच येळ उभे होता, शेठ." मग शेंगा बाजूला सारून म्हणाले, "आमचा तंबूवाला मालक तुमच्यासारखाच होता. दिवसभर उन्हात खुंटे ठोकायचा, रात्री तिकिटाला बसायचा. एकदा मला केबिनीतून दिसायलं होतं, त्याचं तोंड लालभडक झालंय, मान एका बाजूला. पर खेळ रंगात होता. चित्र एकदम साफ. मशीन तापली असती तर मी तवाच थांबवलं असतं. मालक तापलाय म्हणून कोण खेळ थांबवतंय?"

"मग?"

"मग खेळ पुरा झाला. लोकांना वाटलं, मालकाला झोप लागलीय."

मी समोरची एक शेंग उचलली, फोडली आणि तशीच खाली ठेवली. पण राग अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही. "मला सरळ सांगायचं होतं की."

"ऐकलं असतं?"

"ते माझं मी बघितलं असतं! आजपासून माझ्या दुकानाची पायरी चढायची न्हाई."

ते "बरं" म्हणाले. मला पाणी दिलं. एस.टी.पर्यंत पोचवायला आले.

आता पुन्हा उन्हाळा आहे. मशीन दिवसभर चालते. चित्र आरशासारखं. समोरच्याने एक मशीन विकून टाकली. मी दुपारभर गल्ल्यावर असतो. डोकं जड होतं, शर्ट पाठीला चिकटतो, पोरं बटणं बडवत असतात, आणि माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. किसनरावांना येऊ नका असं मीच सांगून आलो होतो, हे मला माहीत आहे. पण मी रोज गिऱ्हाइकाला "चालता हो" म्हणतो, ते काय खरंच जातं? जरा लांब जाऊन परत येतं. बाजाराची ही साधी रीत आहे.

माझ्या जिवाची काळजी करायला किसनरावांना कुणी सांगितलं होतं? आणि न विचारता घेतलीच होती, तर एका शब्दावर ती टाकून कसे गेले? मला याचा जबाब पाहिजे. निरोप चालणार नाही. पेडगावहून स्वतः यावं, दुपारचं यावं आणि माझ्यासमोर बसून द्यावा.