पेरलेल्या डोक्यावर आजीचा हात

बुधवारी तुंजायच्या डोक्यावर केस पेरून झाले आणि गुरुवारी मुलीकडून फोन आला, की मागणी घालायला पुढच्या महिन्यात नको, याच रविवारी या. मुलीचे काका जर्मनीहून आले होते आणि सोमवारच्या विमानानं परत निघणार होते. त्यांच्या गैरहजेरीत मागणी होणं शक्य नव्हतं.

तुंजाय पलंगावर तीन उशांना टेकून बसला होता. आडवं व्हायची बंदी होती. छत्तीस वर्षांचा घोडा, उस्कुदारच्या बाजारात पडद्यांचं दुकान, आणि टाळूवर तीन हजार लाल ठिपके.

"आई, दहा दिवसांनी येतो म्हणून सांग ना."

"सांगते की," नेरिमानबाई म्हणाल्या. "मुलीकडच्यांनी दिलेला दिवस आपण फिरवला म्हणजे मुलाचं मन फिरलं, असा अर्थ होतो. सोमवारपर्यंत गल्लीतली मांजरंसुद्धा बोलायला लागतील."

"मग खरं सांग. ऑपरेशन झालं म्हण."

"डोक्याचं? अरे, डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक आतलं धरतात, बाहेरचं नाही."

या सगळ्याच्या मुळाशी होती मुलीची, म्हणजे फेरायेची, आजी. मकबूले आजीची नजर जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी घरात येणारा एकही माणूस तिच्यापासून सुटत नसे. आमच्या रीतीप्रमाणं तिचा हात चुंबून कपाळाला लावायला कुणी वाकला, की तिचा हात कपाळावरून हळूच वर सरकायचा आणि अख्खं डोकं चाचपून यायचा. कोण दाट, कोण विरळ, कुणी टोप घातलाय, सगळं तिला ठाऊक. दोन महिन्यांपूर्वी तुंजाय पहिल्यांदा चहाला गेला, तेव्हा तो हात सरकत सरकत थेट मानेपर्यंत पोचला.

"अगं बाई! याचं कपाळ संपतच नाही की!"

सगळे हसले. फेरायेही हसली. तुंजायही हसला आणि पुढच्या तीन रात्री झोपला नाही. तो गेल्यावर म्हातारी आणखी काय बोलली, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. पुरुषाला आपल्यावर कोण हसलं तेवढं बरोबर लक्षात राहतं.

आमच्या शहरात केस पेरून घेणं म्हणजे काही नवल नाही. दुनियेतले टकले विमानानं इथं उतरतात आणि डोक्याला पट्टी बांधून बोटीत चहा पीत बसतात. तुंजायही तसल्याच एका दवाखान्यात गेला. तिथल्या बाईनं त्याच्या हातात चार पानी कागद ठेवला.

"साहेब, हे वाचा हं. पेरण्याआधीच वाचा."

"बाई, मी पडद्यांच्या धंद्यातला माणूस. मापं मला कळतात," म्हणत त्यानं फक्त शेवटच्या पानावरचे फोटो पाहिले. त्यात सगळ्यांना केस होते.

रविवारी सकाळी पहिल्या पानानं हिसका दाखवला. चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरेल, असं त्यात लिहिलं होतं आणि ती अगदी सांगून आल्यासारखी उतरली. डोळ्यांच्या जागी दोन चिरा राहिल्या. नेरिमानबाईंनी त्याला ढगळ टोपी घातली, फुलं घेतली आणि चांदीच्या ताटात चॉकलेटं रचली. ताटाला ओरखडे पडू नयेत म्हणून चॉकलेटांखाली हाताला लागला तो कागद घातला. ते दवाखान्याच्या कागदाचं तिसरं पान होतं.

"आणि हे बघ. दहा दिवस डोक्याला काही लागू द्यायचं नाही. हात चुंबायचा आणि हनुवटीला लावायचा."

"हनुवटीला? आई, तो अपमान झाला!"

"भरभर लाव. कळत नाही कुणाला."

दारातच पहिली अडचण आली. बूट काढायचे तर वाकायला हवं, आणि वाकायचीही बंदी. शेवटी नेरिमानबाईच गुडघ्यावर बसून मुलाचे बूट ओढू लागल्या. फेरायेचे वडील हुलुसी बे, म्हणजे हुलुसीसाहेब, बघतच राहिले.

"आईचा फारच लाडका दिसतो!"

"पायात चमक भरलीय हो त्याच्या," बाई खालूनच म्हणाल्या.

"आणि टोपी?"

"कानाला वारा लागलाय."

"डोळे?"

"आनंदानं रडलाय रात्रभर."

तीन थापा उंबऱ्यावरच खर्ची पडल्या. आत काकांचा हात हनुवटीला लागला. काकांना वाटलं, आपण जर्मनीत असताना रीत बदलली असेल. मग मकबूले आजीनं हात पुढं केला. ओठ लागले. कपाळाची वाट बघत हात क्षणभर तसाच राहिला आणि त्याला लागली खरखरीत हनुवटी. आजीनं तो मांडीवर उलटा करून ठेवला.

फेराये कॉफी घेऊन आली. नवऱ्या मुलाच्या कपात मीठ घालायचं आणि त्यानं तोंड वाकडं न करता प्यायचं, ही आमची रीत. मिठानं सूज वाढते, हे दुसऱ्या पानावर होतं. तुंजायनं शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी प्यायली. त्या दिवशी तेवढं एकच काम त्यानं पुरुषासारखं केलं.

नेरिमानबाईंनी घसा साफ केला. "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या शब्दानं, तुमच्या फेरायेला आम्ही मागणी घालतो, आमच्या..."

"थांब," आजी म्हणाली. "कुणासाठी?"

"माझ्या मुलासाठी, आजी."

"हा तो नव्हे. यांनी मुलगा बदललाय."

हुलुसी बेंनी चश्मा चढवला. "खरं सांगू? मलाही दारातच वाटलं. त्याचे डोळे मोठे होते."

"एकुलता एक आहे माझा!" नेरिमानबाई कडाडल्या. "बदलायला दुसरा आणू कुठून? आणि आणायचाच असता तर हा असला सुजका आणला असता का?"

"त्या पोराला कपाळ होतं," आजी म्हणाली. "याला नुसती हनुवटी आहे. माझ्या म्हाताऱ्याचं डोकं तसंच होतं. लपवाछपवी नाही, सगळं उघड्यावर. असल्याला डोळे झाकून पोरगी द्यावी, असं मीच म्हटलं होतं. या हनुवटीला मी देणार नाही."

तुंजायनं फेरायेकडं पाहिलं. "असं म्हणाल्या होत्या?"

"तू गेलास त्याच संध्याकाळी," फेराये म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तुंजाय, काय केलंयस? काढ ती टोपी."

अजून सहा दिवस सांभाळायचे होते. एकीकडे तीन हजार मुळं, दुसरीकडे फेराये. तुंजायनं टोपी काढली. काका जर्मन भाषेत काहीतरी बोलले. तो आजीपुढं गुडघे टेकून बसला, तिचा हात घेतला, चुंबला आणि डोळे मिटून कपाळाला लावला.

हात सवयीनं वर सरकला आणि थबकला.

"हे काय? पेरलंयस?"

"हो, आजी."

"कशाला रे?"

"तुम्ही हसलात म्हणून."

"वेडं कुठलं!" म्हणत आजीनं परातीला चिकटलेली कणीक खरवडावी तसा टाळूवर बरोबर मधोमध तळवा घासला. नेरिमानबाईंनी तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला. "हां," आजी म्हणाली. "खाली तेच आहे. हाच तो. हुलुसी, पोरगी दे."

आजीचा तळवा लाल झाला होता. फेरायेनं तो पुसला, मग तुंजायचं डोकं पुसलं, आणि लग्न ठरलं.

लग्न पाच आठवड्यांनी झालं. तोवर सूज गेली, खपल्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग पेरलेले केसही गेले, एकूण एक. फोटोत नवरा मुलगा समईसारखा उजळला. आजी खूश होती. तुंजाय मात्र खुर्चीत बसून खरंच रडत होता.

हुलुसी बेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, घाबरू नका. महिन्याभरात गळतात, मुळं आत राहतात, पुढं येतात. कागद आहे माझ्याकडे. चॉकलेटं संपवताना सापडला."

कागद खोटं बोलला नाही. वसंतात केस उगवले, चांगले दाट. फक्त टाळूच्या मधोमध एका तळव्याएवढी जागा मोकळी राहिली, चार बोटांच्या खुणांसकट. ती भरून घ्यायला तुंजायनं ईदेनंतरच्या गुरुवारची वेळ घेऊन ठेवली.

ईदेला तो आजीपुढं वाकला. हात चुंबला, कपाळाला लावला. हात वर सरकला आणि दाट केसांत शिरताच बिचकला. म्हातारीच्या कपाळाला आठी पडली.

"कोण आहे हा?"

हात इकडे गेला, तिकडे गेला आणि मग त्या मोकळ्या जागेत जाऊन बसला, डब्यावर झाकण बसावं तसा.

"हं," आजी म्हणाली. "हाच तो. जेवायला वाढा त्याला."

नेरिमानबाईंनी मुलाच्या खिशातला फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या गुरुवारची वेळ रद्द केली.